उष्टा आवाज

कमळला राग यायला कारण लागत नाही, असं सगळं वेसावे म्हणायचं. साफ खोटं. कारण लागायचं, आणि ते दर वेळी असायचंही. बाकीच्यांना ते दिसायचं नाही, इतकंच. अंधेरीच्या बाजारात तिच्या फळीपुढे एखादी बाई यायची, पापलेटाचा कल्ला बोटानं उघडून बघायची आणि नाक मुरडून म्हणायची, कालचं दिसतंय. शेजारच्या कोळणी असल्या गिऱ्हाइकाला हसून गुंडाळत, भाव थोडा उतरवत आणि मासळी गळ्यात मारत. कमळ ते पापलेट उचलून परत टोपलीत ठेवायची आणि सांगायची, की आता हे तुम्हाला मिळायचं नाही, दुप्पट दिलेत तरी नाही. पहाटे बंदराला लागलेल्या मासळीला शिळं म्हणायचं, आणि तेही ती ताजी आहे हे बोटाला कळत असताना, हे तिला खपत नसे. याला तापटपणा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण मग त्या बाईच्या वागण्याला काय म्हणायचं, तेही ठरवून टाका.

तिचा थोरला भाऊ हरेश्वर, म्हणजे तिचा दादूस, तिच्याहून सवाई तापट. पण त्याचा राग वेगळ्या जातीचा. कोळ्याच्या पोटी जन्मला आणि होडीत पाय ठेवला की याला उलटी व्हायची. बापूस होता तोवर लोक तोंडावर हसत नव्हते. तो गेल्यावर होडी त्याच्या चुलतभावांकडे गेली आणि हसणं उघड्यावर आलं. हरेश्वरनं मरोळच्या एका ख्रिस्ती मास्तराकडे गिटार शिकून घेतली होती. तीच घेऊन तो हळदीच्या बँडात शिरला आणि वेसाव्यापासून गोराईपर्यंतच्या कोळीवाड्यांत वाजवू लागला. मधेच कोणी "हे कसलं तुणतुणं, बँजो वाजव" असं म्हटलं की तो वाजवणं थांबवून त्या माणसाकडे नुसता बघत बसायचा, माणूस उठून जाईपर्यंत. एकदा तर मढला त्यानं भर हळदीत गिटार खोळीत घातली आणि ओकाऱ्या सोसत खाडीच्या तरीत बसून घरी निघून आला, बिदागी न घेता.

या दोघांचं बाकी कशात पटो न पटो, पेट्यांच्या बाबतीत एकमत होतं. अँप्लिफायरला बँडमधले सगळे पेटीच म्हणत. हरेश्वरची एक पेटी होती, ग्रँट रोडच्या कुठल्याशा गाळ्यात बनवून घेतलेली. पार्ल्याला एका ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला तो गेला आणि तिथं त्यानं गिटारवाल्याच्या दोन पेट्या बघितल्या, रंगमंचाच्या या टोकाला एक आणि त्या टोकाला एक. गिटार एकच, पण आवाज सभागृहभर हिंडत होता. झालं. घरी येऊन त्यानं जेवण बाजूला सारलं आणि कमळला सांगितलं, की आपण आजवर जे वाजवलं ते एका डोळ्यानं बघितल्यासारखं होतं. बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राची पेटी त्यानं पुढे मिळवली आणि तिच्यासोबत एको नावाचं एक जुनं यंत्रही आणलं. त्याच्या पोटात टेपची वळी गरगरायची. त्याला दोन तोंडं होती. एका तोंडातून गिटार वाजेल तशी सरळ बाहेर पडायची. दुसऱ्यातून तीच गिटार, जराशी मागून यायची.

पहिल्या दिवशी दोन पेट्या एकत्र जोडल्या तेव्हा गाणं राहिलं बाजूला आणि घरभर नुसती गुरगुर सुरू झाली. आई सगुणाबाई म्हणाली, घरात वाघ आणून बांधलाय की काय. हरेश्वर चिडून वायरी उपटायला निघाला. कमळनं विचारलं, की एक पेटी आपल्या बोर्डावर आणि दुसरी शेजाऱ्याच्या खिडकीतून ओढलेल्या वायरीवर कशाला? दोन्ही एकाच बोर्डावर लावून तर बघू. लावल्या आणि गुरगुर बसली. मग दुसरी भानगड. एकेक पेटी स्वतंत्र ऐकली तर भरदार. दोन्ही मिळून वाजवल्या आणि मधे उभं राहिलं की आवाजातला जाडेपणा कुठं पळून जायचा कळत नसे. हरेश्वर वाजवायच्या जागेवर अडकलेला, त्याला ते ऐकूच येत नव्हतं. अंगणात फिरायचं काम कमळचं. ती म्हणाली, दोघी एकमेकींना ढकलतायत. हरेश्वरनं दोन्ही पेट्या उघडल्या. नव्या पेटीत कोणीतरी स्पीकरच्या दोन तारा उलट्या जोडून ठेवल्या होत्या. त्या अदलाबदल केल्या आणि अंगणात आवाज असा भरला, की आत चुलीपाशी बसलेली सगुणाबाई उठून दारात आली.

तेव्हापासून तो नेमच पडला. हळद कुठंही असो, आधी मांडवात जाऊन पेट्या लावायच्या आणि दादूसनं वाजवायचं, कमळनं फिरायचं. ती हात वर करून दाखवायची, डावी थोडी कमी, उजवी आणखी मागे. नेमकी जागा सापडली की ती तिथंच उभी राहायची. सरळ सूर एका पेटीतून निघायचा, दुसरीकडून तोच त्याला उत्तर द्यायचा आणि मधल्या माणसाभोवती दोघं फेर धरायचे. त्या एवढ्या वेळात कमळला कशाचाच राग येत नसे. दिवसभरात तेवढाच वेळ.

तिचं लग्न राहिलं होतं. तिशीला टेकली होती. एका ठिकाणी तिनं बाजार सोडावा असं म्हणणं पडलं, तिनं ते स्थळ सोडलं. दुसऱ्या ठिकाणी मुलाच्या आईनं तिला चार पावलं चालून दाखवायला सांगितलं. कमळ चालली ती थेट दाराबाहेर. पुढं निरोप यायचेच बंद झाले आणि सगुणाबाईनं देवाला दोष देणं सोडून दोन्ही लेकरांना द्यायला सुरुवात केली.

अशात मढचं स्थळ आलं. मुलगा बळवंत, बाप नव्हता, घरची होडी होती आणि कारभार काका धोंडिराम बघायचा. निरोप असा होता, की मुलीनं बाजार सोडायचं कारण नाही, उलट आमच्या होडीची मासळीही तिनंच विकावी. कमळनं हा निरोप आईकडून पुन्हा वदवून घेतला. बळवंतला तिनं एकदा मढच्या धक्क्यावर बघितलं होतं. कोणीतरी त्याला जाळं फाटल्याचं सांगत होतं आणि तो निमूट खाली बसून ते सांधत होता, कोणाला शिव्या न देता. आपल्या घरात असा माणूस कधी निपजला नाही, असं तिच्या मनात आलं होतं. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, पण या वेळी तिला लग्न हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. सगुणाबाईच्या ते लक्षात आलं आणि ती धास्तावली, कारण आजवर मोडलेल्या स्थळांपैकी एकही कमळला हवं नव्हतं.

साखरपुडा चैत्रात ठरला, दुपार उतरताना, घरापुढच्या अंगणात. मढची मंडळी तरीनं यायची होती. वाजवायला दुसरा बँड आणायचा विचारसुद्धा हरेश्वरला शिवला नाही. बहिणीचा साखरपुडा आणि दुसरा कोण वाजवणार? सकाळी त्यानं पेट्या लावल्या. एक घराच्या दारापाशी, स्वतःच्या खुर्चीजवळ. ती सरळ आवाजाची, कारण स्वतःचा हात स्वतःला ऐकू आल्याशिवाय त्याला वाजवता येत नसे. दुसरी, मागून येणाऱ्या आवाजाची, अंगणाच्या पार समुद्राकडच्या टोकाला. अंगावर ठेवणीतली साडी नाही, डोक्यात गजरा नाही, अशी कमळ नेहमीसारखी अंगणात फिरली आणि तिनं नेमकी जागा शोधून दिली. ती जागा अंगणाच्या मधोमध निघाली. आत्या सोनूबाईनं दुपारी नेमके तिथंच दोन पाट मांडले, एक मुलाचा, एक मुलीचा. कमळला ते बघून इतकं बरं वाटलं, की आत्या पदर खोचण्यावरून बोलली तेही तिनं ऐकून घेतलं.

चूक झाली ती इथंच, आणि ती दोघांची होती. हळदीला माणसं नाचतात. या पेटीपाशी नाचत सुरुवात करतात आणि त्या पेटीपाशी घामाघूम होऊन पोचतात. सगळ्यांच्या वाट्याला सगळं येतं. साखरपुड्याला माणसं बसतात. घराकडच्या अंगाला मुलीवाले, समोरच्या अंगाला मुलाकडचे, आणि बसलेला माणूस काय करतो, तर आपल्याला काय मिळालं आणि कोणाच्या नंतर मिळालं ते मोजतो. पहिला विडा कोणाला, पहिला पेला कोणाला, नारळ कोणाच्या हातात आधी. आयुष्यभर हे बघत आलेल्या या भावाबहिणीच्या डोक्यात हे एकदाही आलं नाही, की आवाजालाही पहिला आणि दुसरा असतो.

मंडळी आली. पाय धुतले, गुळपाणी झालं. बळवंत मधल्या पाटावर बसला. शेजारचा पाट रिकामा होता, कारण साडी नेसवायची वेळ झाल्यावर मुलीला बाहेर आणायची असते. हरेश्वरनं गिटार घेतली. आज त्यानं जीव ओतला. कमळ आतल्या खोलीत बायकांच्या गराड्यात बसली होती, पण खिडकीच्या गजांतून तिला पाट दिसत होता. तिनं बघितलं, की बळवंतनं आधी डोकं घराकडे वळवलं, मग समुद्राकडे, मग पुन्हा घराकडे. पोरं विमान शोधतात तसा तो आवाज शोधत होता. मग त्याला सापडलं. तो सावकाश हसला आणि डोळे मिटून बसला. कमळखेरीज ती जागा आजवर कोणाला सापडली नव्हती, आणि हा तिथं बसून हसत होता. त्या क्षणी तिला वाटलं, की आता हा माणूस आपला.

साडीचं ताट उचललं गेलं आणि धोंडिरामनं हात वर केला.

त्याच्या मागे बसलेल्या एका म्हातारीनं काहीतरी कुरकुर केली होती, ती त्याच्या कानात शिरली होती. आधी तिकडं वाजतं, मग आपल्याकडं येतं, एवढंच ती म्हणाली होती. धोंडिरामनं कान दिला, आणि खरंच, सूर आधी मुलीवाल्यांच्या पेटीतून यायचा आणि ते ऐकून झाल्यावर त्याच्या पाठीमागच्या पेटीतून. तो उभा राहिला आणि त्यानं वेसाव्याच्या जमातीचे प्रमुख असलेल्या नानांना विचारलं, "नाना, ही कुठली रीत? ताजा आवाज तुमच्या मानसांना, आनि उष्टा आमाला?"

लोक आधी हसले. वेसाव्यातली माणसं हसायला सोकावलेली. मग त्यांनी धोंडिरामच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हसू गिळलं. हरेश्वरनं समजावायला सुरुवात केली, की हे यंत्र असं असतं, दोन आवाज मिळून एक होतो, पार्ल्याच्या मोठ्या सभागृहात असंच लावतात. धोंडिराम म्हणाला, पार्ल्याला तुम्ही कोणाला काय वाढता त्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. नाना समंजस माणूस; समंजस माणसं करतात तेच त्यांनी केलं, आग थोडी पसरवली. म्हणाले, पेट्या बदला, ती इकडे आणा आणि ही तिकडे न्या, पाहुण्यांना पहिला आवाज जाऊ दे. त्यावर सोनूबाई आत्या कंबरेला हात लावून पुढे झाली. दार आमचं, मांडव आमचा, पोरगी आम्ही देणार आणि उष्टंही आम्हीच खायचं का, असा तिचा सवाल. मग मढच्या कोणीतरी हरेश्वर भर हळदीतून उठून गेल्याचं काढलं. वेसाव्याच्या कोणीतरी मढच्या जेवणात मीठ कमी असल्याचं काढलं. एका आवाजावरून दोन कोळीवाड्यांची उणीदुणी अंगणात वाळत पडली.

आणि बळवंत पाटावर बसून होता. एकाही माणसानं त्याला काही विचारलं नाही. सबंध अंगणात तोच एकटा होता ज्याला सगळं ऐकू आलं होतं.

शेवटी नानांनी हरेश्वरला सांगितलं, की बाबा, ती लांबची पेटी काढून टाक, एकीवर वाजव, विषय संपव. सगळं अंगण श्वास रोखून हरेश्वरकडे बघायला लागलं. याहून कमी कारणावर बिदागी टाकून गेलेला माणूस तो. सगुणाबाईनं तर आतून डोळेच मिटून घेतले. पण हरेश्वर उठला, खाली मानेनं एकोपाशी गेला आणि दुसऱ्या पेटीची वायर उपसून त्यानं तिची गुंडाळी करायला घेतली. हाताला वळण नसल्यासारखी, वेडीवाकडी. वाकून धोंडिरामला नमस्कारही केला.

ते बघून कमळच्या डोक्यात रक्त चढलं. भावानं कधी कोणापुढे मान तुकवली नव्हती. बापसाच्या चुलतभावांपुढे नाही, हसणाऱ्या गावापुढे नाही. आज तिच्या पायी तुकवली. धोंडिरामचा राग तिला आलाच नाही असं नाही, पण तो म्हातारा एका टोकाला बसला होता. त्याला जे ऐकू आलं ते त्यानं सांगितलं. अर्धवट होतं, मूर्खपणाचं होतं, पण खोटं नव्हतं. तिची नजर पाटावर होती. हा का गप्प आहे? एक वाक्य बोलायचं होतं त्यानं, की काका, मधे येऊन बसा. एवढंच.

बायका "गो बाय, गो बाय" करत असताना ती बाहेर आली. साखरपुड्याच्या अंगणात मुलगी न बोलावता येत नाही. ती आली आणि रिकाम्या पाटापाशी उभी राहिली, बसली नाही.

"तू मधी बसलायस," ती बळवंतला म्हणाली. "तुला कसा ऐकू आला?"

बळवंतनं वर बघितलं. तिच्याकडे बघितलं, हे खरं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर मघाचं काहीतरी परत आलं, हेही खरं. मग त्यानं धोंडिरामकडे बघितलं. धोंडिरामनं भुवईसुद्धा हलवली नाही. त्याची गरजच नव्हती.

"काका बोलतात तसाच," बळवंत म्हणाला.

"तसाच म्हंजे कसा?"

"उष्टा."

"मी खिडकीतनं बघत होती," कमळ म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता आणि तिला ओळखणाऱ्यांना त्याचीच भीती वाटली. "तू हसलास. डोळे मिटलेस. आता बोल."

तो पाटाकडे बघत राहिला. पायाच्या अंगठ्यानं पाटाची कड खरवडत राहिला. कमळनं वाट बघितली. तिला अजून हवं होतं हे लग्न, तेवढ्या वेळातही हवं होतं, आणि म्हणून तिनं गरजेपेक्षा जास्त वाट बघितली. आपण इतकं थांबलो याचा तिला पुढे कित्येक दिवस संताप येत राहिला.

"ऊठ," ती म्हणाली. "पाट सोड आमचा."

पुढचं सांगण्यासारखं नाही. गावात असं झालं की जे होतं तेच झालं. साडीचं ताट उचललं गेलं, पाय आपटले गेले, नानांनी दोन्हीकडे हात जोडले आणि कोणीच ते बघितले नाहीत. मढची मंडळी धक्क्याकडे गेली. सगुणाबाई पडवीत बसून रडली आणि रडता रडता कमळला म्हणाली, की आवाजासाठी कोणी संसार मोडतं का? हरेश्वर गुंडाळलेली वायर हातात घेऊन उभा होता. त्याला वाटलं होतं, की बहीण आपल्याला काही चांगलं म्हणेल, निदान आपण आयुष्यात पहिल्यांदा राग गिळला हे तिच्या लक्षात येईल. कमळ त्याच्यावरच उखडली. तुला कोणी सांगितलं होतं वायर उपसायला, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, तुझं नीट व्हावं म्हणून. ती म्हणाली, की माझं नीट करायला निघालास आणि अंगणात तू एकच खरा माणूस होतास, तोही खोटा झालास. तो बिचारा तिथंच खाली बसला. तिला ते दिसलं, वाईटही वाटलं, पण राग उतरेपर्यंत वाईट वाटलेलं सांगायची तिला सवय नव्हती.

वेसाव्यात वर्षभर पुरेल एवढं बोलणं झालं. कमळ दुसऱ्या दिवशी बाजारात बसली. कोळणींनी आडून आडून विचारलं, तिनं भाव सांगितले. कोणी म्हटलं, काकाच्या एका शब्दावर एवढं? कोणी म्हटलं, बिचारा भला पोरगा आहे, घाबरला असेल. भला आहे हे कमळलाही माहीत होतं. तेच तर तिला सहन होत नव्हतं. वाईट माणसाला दोन शिव्या घालून मोकळं होता येतं. भल्या माणसाचा राग रोज सकाळी टोपलीबरोबर नव्यानं उचलावा लागतो.

पाऊस तोंडावर आला, होड्या वर ओढायची वेळ झाली, आणि त्या सुमाराला एका सकाळी बळवंत तिच्या फळीसमोर येऊन उभा राहिला. एकटा होता. बाजार भरात होता. डावीकडे उजवीकडे कोळणी ओरडत होत्या. कमळनं कोयता खाली ठेवला नाही. त्यानं इकडे तिकडे बघितलं, मग फळीवर वाकला आणि बोंबील निवडत असल्यासारखं दाखवत, ओठांतल्या ओठांत म्हणाला, "मना ऐकू आलेला. सगला. गोल फिरत होता."

कमळचा हात थांबला. कितीतरी दिवस जे ऐकायचं म्हणून ती अंथरुणात दात आवळत होती, ते हेच. तिला एकाएकी वाटलं, की हा राग आता इथं ठेवावा आणि उठून जावं या माणसाबरोबर. घरात शिव्या न देता जाळं सांधणारा कोणीतरी असेल. तो आणखी वाकला आणि म्हणाला, की तू हो म्हण, मी काकांना हळूहळू समजावतो.

"मोठ्यानं बोल," कमळ म्हणाली.

त्याला कळलं नाही.

"आता बोललास ते. मोठ्यानं बोल, बाजाराला ऐकू जाईल असं. मी आज तुझ्याबरोबर मढला येते. साखरपुडा नको, साडी नको. नुसतं बोल."

ती थट्टा करत नव्हती, हे त्याला तिच्या डोळ्यांत दिसलं. तो सरळ उभा राहिला. त्यानं छाती भरून श्वास घेतला, खरंच घेतला. कमळनं कोयता फळीवर टेकवला. आणि मग त्याची नजर पलीकडच्या रांगेत गेली. तिथं मढचीच एक कोळीण बसली होती, कान इकडे लावून. धोंडिरामच्या घराला लागून तिचं घर.

बळवंतनं श्वास सोडला. खाली बघितलं. मग खिशात हात घातला आणि म्हणाला, बोंबलाचा वाटा कसा दिला?

स्वतःची होडी असलेला माणूस अंधेरीच्या बाजारात बोंबील विकत घेत होता. कमळनं त्याला भाव सांगितला, दुसऱ्या कोणालाही सांगितला असता तोच. त्यानं घासाघीस केली नाही. तिनं बोंबील कागदात बांधून दिले, पैसे घेतले, फळीवर भसकन पाणी मारलं आणि मागे उभ्या असलेल्या बाईला विचारलं, तुम्हाला काय हवंय?